घुंगरू सुटायची रीत

आमच्या घरात जाग यायची ती काथ्या बडवण्याच्या आवाजानं. आई आणि काकी चुलीवर पेज चढवून मागल्या दारी बसत आणि खाडीच्या चिखलातून काढलेली सोडणं दगडावर ठेवून लाकडी दांडक्यानं बडवत. सोडण म्हणजे नारळाची साल. ती बरेच महिने चिखलात पुरून ठेवली की तिचा धागा सुटतो आणि त्याबरोबर एक वासही सुटतो. तो अंगाला इतका चिकटायचा की मालवणच्या बाजारात आमच्या वाडीतली बाई मागून आली तरी कुणी मान न वळवता तिला ओळखावं. मला तो वास अजून आवडतो, पण हे मी सहसा कुणाला सांगत नाही. दांडक्यांचा ताल मात्र फार सुरेख असायचा. आईचं एक, काकीचं एक, आईचं एक, काकीचं एक. त्या तालावर आम्ही मुलं दात घासायचो, उकड्या तांदळाची पेज सुक्या बांगड्याबरोबर ओरपायचो आणि शाळेला पळायचो.

तोंडवलीकडची आमची वाडी म्हणजे वाळूची एक लांबट पट्टी. पुढल्या दारी समुद्र, मागल्या दारी खाडी आणि मधे माड, घरं, कोंबड्या आणि आम्ही. अशा जागी रांगतं पोर सांभाळायचं म्हणजे बाईनं दोन्ही दारांकडे एकाच वेळी बघायचं. ते काही जमत नाही, म्हणून आमच्या वाडीनं एक रीत काढली होती. पोर चालायला लागलं की त्याच्या डाव्या पायात पट्टीत ओवलेली दोन पितळी घुंगरं बांधायची, वासराच्या गळ्यात असतात तसली दणकट. आवाज ऐकू येतोय तोवर पोर जवळपास आहे. पोर मोठं झालं की त्याला पोहायला, आमच्या बोलीत पेवक, शिकवायचं, आणि ज्या दिवशी ते आमच्या धक्क्यापासून समोरच्या जुव्यापर्यंत पोहून जाईल त्या दिवशी घुंगरू कापायचं. जुवा म्हणजे खाडीतलं चिखलाचं बेट. मधलं पाणी फार रुंद नव्हतं, पण सहा-सात वर्षांच्या पोराला ते पुष्कळ वाटायचं. घुंगरू सुटलं की घरचे नारळ फोडून खोबरं-गूळ वाटत आणि ते पोर चार दिवस मान ताठ करून हिंडत असे. माझं सातव्या वर्षी सुटलं. माझी धाकटी बहीण कुंदा आठ वर्षांची झाली तरी तिच्या पायात घुंगरं होतीच.

कुंदा बोलत नसे. म्हणजे आवाज पुष्कळ करी, पण शब्द नाहीत. हाक मारली तर बघत नसे आणि हात लावला तर चावत असे. डोक्याला तेल लावायचं म्हणजे आई आणि काकी दोघींनी कंबर कसून बसावं लागे. ताटात भाताला आमटी लागली की जेवण संपलं. ती कोरडा भात शीत-शीत करून खाई आणि घावन्याची फक्त कुरकुरीत कड कुरतडून मधला भाग कोंबड्यांना टाकी, त्यामुळे आमच्या कोंबड्या अंगानं बऱ्या होत्या. चालताना ती टाचा टेकवत नसे. चार पावलं टाकली की कानांवर हात ठेवून किंचाळायची, म्हणून बहुतेक वेळ मागल्या दारच्या काथ्याच्या ढिगात कमरेपर्यंत रुतून बसलेली असे, तासन् तास, पाय जराही न हलवता. लोक म्हणत, पोर आळशी आहे. कुणी म्हणे, बाधा आहे. मालवणच्या डॉक्टरांनी तिला दोन मिनिटं पाहून डोकं अधू आहे असं सांगितलं होतं आणि एक टॉनिक दिलं होतं. ते शेवटी काकीनं प्यायलं.

मला मात्र तिच्याविषयी भारी कुतूहल होतं. माया वगैरे म्हणाल तर ती नंतर आली, आधी आलं ते कुतूहल. मला कुर्ल्या आडव्या का चालतात हेही बघायचं असे आणि ही मुलगी अशी का वागते हेही. पुढं जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्याचं मूळ त्या मागल्या दारी असावं. मी बघायची की सगळे आवाज काही तिला छळत नाहीत. दांडक्यांचे ठोके शेजारी पडत असले तरी ती खुशाल बसे. समुद्र गाजत असला तरी काही नाही. उकड्या तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून उभी राहिली की तिचा चेहरा इतका सैल व्हायचा की ती झोपलीय असं वाटे. मग तिथून निघाली की दुसऱ्या पावलाला किंकाळी. तांदूळ तिला आवडतो आणि जमीन आवडत नाही, असा बरेच दिवस माझा निष्कर्ष होता. तो साफ चूक होता.

थोरले काका घराचे कर्ते. आमचे वडील मालवाहू बोटीवर, वर्षात दोनदा दिसायचे, त्यामुळे घरात शब्द काकांचाच चाले. माणूस प्रेमळ होता, पण खाडीचं नाव निघालं की त्यांचा चेहरा बदले. त्यांची धाकटी बहीण लहानपणी त्याच खाडीत गेली होती. कुंदाला पोहायला शिकवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. पोटाखाली हात धरून तिला पाण्यात आडवं करायला गेले तर तिनं त्यांच्या अंगठ्याचा असा चावा घेतला की तो व्रण मरेपर्यंत राहिला. त्यानंतर त्यांनी नाद सोडला. हिला पोहता येणार नाही, म्हणजे हिचं घुंगरू सुटणार नाही, हे घरानं मुकाट्यानं मान्य करून टाकलं.

गणपती झाल्यावर एकदा आई चिखलातून सोडणं काढत होती आणि कुंदा काठावर बसली होती. उठताना तिचा डावा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. मी तिला घरी आणायला म्हणून पुढं झाले आणि किंकाळीची वाट बघत राहिले. किंकाळी आलीच नाही. ती टाचा टेकवून, सरळ, कुणीही चालावं तशी अंगण ओलांडून गेली, विहिरीला वळसा घालून आली, पुन्हा गेली. मी नुसती बघत राहिले. संध्याकाळी आईनं तिचे पाय धुतले, घुंगरांतला चिखल निघाला, ती खुळखुळली, आणि कुंदानं कानांवर हात नेले.

मी अकरा वर्षांची होते, पण एकदा पाहिलं म्हणून खरं मानायचं नाही इतकी अक्कल होती. दुसऱ्या दिवशी मी माडाच्या हिरानं, म्हणजे झावळीच्या काडीनं, घुंगरांच्या फटीत काथ्या कोंबला. दिवसभर शांतता. तिसऱ्या दिवशी नाही कोंबला. आरडाओरडा. चौथ्या दिवशी पुन्हा कोंबला. असं मी आठ दिवस केलं, आणि मग रात्रभर मला वाईट वाटत राहिलं, कारण आता मला तिचं ते ढिगात न हलता बसणं कळलं होतं. हललं की वाजतं, म्हणून ती हलत नव्हती. सहा वर्षं.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर काकी काथ्या काढून टाकेल, काका रागावतील आणि आई त्या दोघांच्या मधे गप्प उभी राहील, हे मला माहीत होतं. शाळा सकाळची होती. दुपारी जेवण झालं की मी कुंदाला घेऊन बाहेर पडायची, माडाच्या आडोशाला काथ्या कोंबायची आणि दिवेलागणीच्या आधी हिरानं ओढून काढायची. घरात म्हणायला लागले की पोर अलीकडे दुपारची बरी असते. काकांनी गणपतीत देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, त्याचा गुण आला असं काकीचं मत पडलं. मी होला हो म्हटलं.

आम्ही खाडीवर जायचो. ओहोटीला चिखल उघडा पडला की कुंदा त्यात आधी बोटं खुपसायची, मग मनगट, मग कोपर, आणि पोटावर पालथी पडून हनुवटी चिखलाला टेकवायची. निवट्या, म्हणजे चिखलातले बोटभर मासे, टुणटुण उड्या मारत तिच्या नाकाशी यायच्या आणि ती श्वास रोखून बघत राहायची. तिनं चिखलाचेही प्रकार केले होते हे मला हळूहळू उमगलं. काठाजवळचा वाळूमिश्रित तिला तळव्यांना हवा असे, कांदळाच्या मुळांतला गार, काळा चिखल पोटाला, आणि सोडणांच्या खड्ड्याजवळचा धागे-धाग्यांचा फक्त गालाला. मी तिच्याशेजारी बसून तेच करून बघे. तिला जे कळत होतं ते सगळं मला कळत नसे, पण गालाचा चिखल आणि पोटाचा चिखल वेगळा आहे हे मात्र शंभर टक्के खरं.

गेल्या महिन्यात आमच्या किनाऱ्यावर एक मुलगी सात-आठ लहान मुलांना घेऊन आली होती. स्वमग्न मुलांबरोबर काम करते. कुडाळहून गाडी करून आली होती. तिनं वाळूवर प्लॅस्टिकचे टब मांडले आणि त्या टबांत वाळू भरली. मला हसू आवरेना. एवढा मैलभर किनारा पसरलाय आणि वाळू टबात कशाला, असं मी तिला विचारलंही, कारण निवृत्त मास्तरणीला गप्प बसता येत नाही. ती रागावली नाही. म्हणाली, "टबाला कड असते ना काकू. एवढी वाळू आपली, हे मुलाला कळतं. सगळा किनारा एकदम अंगावर आला की काही मुलं घाबरतात. कड सापडली की मग ती आपणहून बाहेर येतात." याला सेन्सरी प्ले म्हणतात असंही तिनं सांगितलं. आमच्या लहानपणी याला चिखलात लोळणं म्हणत आणि त्याबद्दल पाठीत धपाटा मिळे. मी घरी आले, चहा ठेवला आणि चहा उतू जाईपर्यंत काथ्याच्या ढिगात कमरेपर्यंत रुतलेली कुंदा आठवत राहिले. तिनं आपला टब तेव्हाच शोधला होता. कुंदा आता साठीला टेकली आहे आणि माझ्याजवळच राहते. पाच-सात शब्द बोलते, तेही मनात आलं तर. त्या दिवशी तीही माझ्या मागोमाग किनाऱ्यावर आली होती. एका टबाशी बसून तिनं मनगटापर्यंत हात वाळूत घातला, आणि शेजारचा मुलगा तिच्याकडे न बघता थोडा सरकून बसला.

तर खाडी. भरतीचं पाणी चिखलावर चढायला लागलं की इतर मुलं उठून मागं सरतात. कुंदा उठत नसे. पाणी कमरेशी येई, छातीशी येई, मी काठावर जीव मुठीत धरून बसलेली, आणि ती अगदी स्वस्थ. मग एके दिवशी ती पाण्याखाली गेली. मी झेप घेतली, तिला पकडलं, आणि तिनं माझ्या दंडाला कडकडून चावा घेतला. मी सोडलं तशी ती दोन हात पुढं जाऊन वर आली, नुसतं नाक पाण्याबाहेर काढून. पाणी सगळीकडून सारखं दाबतं, ते तिला हवं होतं. हात एकाच जागी धरतो, ते नको होतं. असं मला आज सांगता येतं, तेव्हा फक्त धरायचं नाही एवढं समजलं. पुढच्या महिनाभरात ती आपली आपण पोहायला लागली. तिच्यासारखं पोहताना मी आजवर कुणाला पाहिलं नाही. बहुतेक वेळ पाण्याखाली, श्वासापुरती वर. मी तिच्यापासून हातभर अंतरावर असायची. हे वाचून कुणी आपलं मूल असं पाण्यात सोडू नये. अकरा वर्षांच्या मुलीचा तो आगाऊपणा होता आणि आम्ही दोघी वाचलो हे नशीब.

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर इतिहासाचा होता. आदल्या संध्याकाळी मी सनावळ्या घोकत बसले आणि घुंगरांतला काथ्या काढायचं साफ विसरले. दुपारी घरी आले तर मागल्या दारी दांडकी तशीच पडलेली, चुलीवर कुळथाची पिठी करपलेली आणि घरात कुणी नाही. शेजारीण विहिरीत वाकून बघत होती. तिनं सांगितलं की कुंदा सकाळपासून दिसत नाही आणि सगळी वाडी समुद्राकडे गेली आहे. काकी रडत परत येत होती. मला बघून म्हणाली, "घुंगरां वाजलीच नाय गो. मी कान देवन बसलेलंय." तेव्हा मला आठवलं, काल काथ्या काढलाच नव्हता.

मी खाडीकडे धावत सुटले. भरती ओसरून काठाचा चिखल उघडा पडायला लागला होता. धक्क्यावरून बघितलं तर समोर जुव्यावर, कांदळाच्या मुळांत, कुंदा पोटावर पडून चिखलात हात घालत होती. आमच्या धक्क्यावरून जुव्यावर. एकटी. माझ्या मागोमाग काका आले होते. त्यांनीही पाहिलं, आणि अंगातल्या कपड्यांनिशी पाण्यात उडी टाकली. त्यांना येताना बघून कुंदा उठली. तिचे हात कानांकडे गेले. काका तिला पाण्यात धरणार, ती चावणार, धडपडणार आणि दोघंही खाली जाणार, हे मला डोळ्यांपुढं दिसलं. मी कधी काकांशी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी धक्क्यावरून ओरडले, "काकानू, तिका हात लावू नकात. तिका पेवक येता."

ते थांबले. अंगठ्याच्या व्रणामुळे थांबले की माझ्या आवाजामुळे, कोण जाणे. कुंदा पलीकडून पाण्यात शिरली, खाली गेली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर नाक वर काढून तिनं श्वास घेतला, पुन्हा खाली गेली आणि धक्क्याच्या पायरीशी वर आली. तोवर आई आणि अर्धी वाडी काठावर जमली होती. कुंदा पायऱ्या चढून आली. ओल्या पायांनी फरशीवर चालत आली आणि कसलाच आवाज झाला नाही.

काकांनी खाली बसून तिचा पाय न धरता नुसतं घुंगरू वळवलं आणि बोटानं काथ्याचा बोळा काढला. ह्यो कोणी घातल्यान, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, मी. का म्हणून विचारलं तेव्हा मी जमेल तसं सांगितलं, आठ दिवसांच्या प्रयोगासकट. त्यांनी ऐकून घेतलं असं वाटत नाही. ते म्हणाले, "फाल्यापासून हिका मांगरात बांधून ठेवतलंय. घुंगरांचो भरोसो रवलो नाय." फाल्या म्हणजे उद्या, मांगर म्हणजे आमची गुरांची खोपी. बांधायला सुंभ घरचाच होता, आईनं वळलेला. मला वाटलं, मीच हिला दावणीला लावलं. आधी निदान ढिगात बसता येत होतं.

आई दिरांसमोर पदर सावरून दाराआड उभी राहणारी बाई. त्यांच्याशी ती थेट बोललेली मी ऐकली नव्हती. ती पुढं आली, कमरेची कोयती काढली, आणि म्हणाली, "बांधूक देवचंय नाय, भावोजीनू. रीत तुमचीच आसा. जुव्यार पेवन गेला की घुंगरू सुटता. ही जावन परत येवन दाखवल्यान. सगळ्यांनी बघल्यानी." काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली आणि बाजूला झाले. आईनं पट्टीखाली कोयतीचं टोक घातलं आणि कुंदाच्या कातडीला बोट न लावता ती कापली. कुंदानं कापणं बघितलं, पाय उचलला, टेकवला, पुन्हा उचलला, आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरून परत चिखलात गेली. काका ओल्या कपड्यांनी घरी गेले आणि नारळ घेऊन आले. फोडताना त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, पण त्यांनी प्रत्येकाच्या हातावर खोबरं ठेवलं, माझ्याही.

लोक पांगल्यावर आईनं मला विचारलं, "तुका कधीपासून ठावक आसा?"

"गणपतीपासून."

"माका सांगलंस नाय."

"काकी काथ्यो काढून टाकतली म्हणान."

मला वाटलं, आता मार बसेल. बसला असता तर बरं झालं असतं. ती कापलेल्या पट्टीच्या दोन्ही टोकांकडे बघत म्हणाली, "सहा वर्षां मीच गाठ मारी होतंय. सैल होता म्हणान दोन-दोन गाठी." मला रडू आलं. तिला आलं नाही. ती पायऱ्या उतरली, कुंदापासून चार हात अंतरावर थांबली, आणि मला जवळ बोलावून म्हणाली, "ती हंय काय करता ता माका दाखय."

मी काय दाखवणार? मी पालथी पडले, हात चिखलात घातला. आईनं लुगडं आवरलं आणि माझ्या शेजारी गुडघे टेकले. तिचा जन्म त्या चिखलात गेला होता, पण तिथं ती हात घालायची तो सोडणं काढायला. आता काढायचं काही नव्हतं. तिनं बोटं घातली, मनगट घातलं, बांगड्या बुडाल्या, कोपर गेलं. डोळे मिटले. मी विचारलं, कसं लागतं.

"थांब गो," आई म्हणाली. "माका बघूंदे."